भिंतीवरचं ग्रहण

आष्टीत माझ्या धाकट्या भावाचं, हरिओमचं, सोलर पंप बसवून द्यायचं दुकान आहे. अख्खं घर सूर्यावर जगतं. आणि त्याच घरानं त्याच्या बायकोला, तृप्तीला, सूर्य दिसू नये म्हणून ऐन दिवाळीत खोलीत कोंडलं. माझं टाळकं फिरतं ते अशा वेळी.

तृप्तीला सूर्याचे फोटो काढायचं वेड. दुकानातली वेल्डिंगची काळी काच मोबाइलपुढे धरायची आणि गच्चीवर उभी राहायची. सूर्यावरचे डाग मला तिनंच दाखवले. मला वाटलं, बाईनं काच पुसलेली नाही. २०२० च्या जूनमधलं ग्रहण तिनं असंच टिपलं. तेव्हा तिला तिसरा महिना होता. आठवड्याभरात मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ग्रहणाचा काही संबंध नाही. घरात तिला तोंडावर कुणी बोललं नाही, पण आईनं ती काच उचलून माळ्यावर टाकून दिली. मग बोलायचं राहिलं काय?

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ग्रहण आलं. मी माहेरी आले होते. तृप्ती हरिओमला म्हणाली, "पाचच मिनिटं गच्चीवर जाते."

तो तारा गुंडाळत म्हणाला, "एक दिवस आईचं ऐक ना. तुझं काय बिघडून राह्यलंय?"

मी त्याच्याशी भांडले. तो तारा गुंडाळतच राहिला.

आई तृप्तीला घेऊन सामानाच्या खोलीत बसली. खिडकीवर घोंगडी, पत्र्याच्या दाराला आतून कडी. चिरायचं नाही, शिवायचं नाही, बोटांत बोटं गुंतवायची नाहीत. तृप्तीच्या मांडीवर नारळ. मीही रागारागानं आत जाऊन पॅनेलच्या खोक्यावर बसले. आत नुसती घुसमट होत होती.

दाराच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. मावळतीचं ऊन त्यातून आत आलं आणि समोरच्या भिंतीवर रुपयाएवढा उजेड पडला. बघता बघता त्याची एक कड गेली, भाकरीचा घास तोडावा तशी.

"आत्याबाई," तृप्ती सासूला हळूच म्हणाली, "हेच ग्रहण आहे."

आईची पाच बाळंतपणं झाली. जन्मातलं प्रत्येक ग्रहण तिनं दाराआड काढलेलं. ती उठली, भिंतीपाशी गेली, तळहात पुढे केला. तो तुटका सूर्य तिच्या हातावर आला.

"असा दिसतो व्हय?" ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काढ की गं फोटो. भिंतीचाच तर हाय. त्यानं काय व्हतंय?"

मी थक्क झाले. मला इतका आनंद झाला की मीच मोबाइल तृप्तीच्या हातात दिला. तिनं तो वर उचललाच नाही.

"नको, आत्याबाई. उद्या काही झालं तर?"

"म्या न्हाई काही म्हणायची."

"तुम्ही नाही म्हणणार. मीच म्हणीन."

आणि ती भिंतीकडे पाठ करून बसली.

त्या दिवशी ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळला. आईनं कडी काढली, पण तृप्ती उठेना. सुटलेला सूर्य बघितल्याशिवाय बाहेर येत नाही, म्हणाली. दार सताड उघडं आणि ही आतच. सकाळी अंगणात ऊन आलं तेव्हा बाहेर आली.

फेब्रुवारीत मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला आई येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "यावेळी बराबर पाळलं, म्हणून लेकरू हाती आलं." कौतुकानंच सांगत होती, सुनेवर जीवच आहे तिचा. बाया माना डोलवत होत्या.

तृप्ती पाळण्याची दोरी धरून सगळं ऐकत होती. मी शेजारीच होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मंग पहिलं माझ्यामुळंच गेलं. असंच ना, शालूताई?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणाले. तेवढ्यात दारात आणखी एक बाई आली, आणि आईनं तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.