कुयलीताईंची सासू

औषध तपासणी केंद्रात तिला सगळे कुयलीताई म्हणत, आणि तिला त्या नावाचाही वीट आला होता. काम काय, तर चांगल्या धडधाकट माणसांना मुद्दाम खाज आणायची. आता बोला! खाजकुयलीची कुसळं चिमट्याने उचलून त्यांच्या हातावर चोळायची, मग नवीन मलम लावायचं आणि घडोघडी विचारायचं, "आता कसं वाटतंय?" खाजवायला सक्त मनाई. माणसं दातओठ खात बसायची, घामाने थबथबायची. कुणाच्या अंगाला शिळ्या तेलाचा वास, कुणाच्या नखांत मळ, वर त्या मलमाचा कुबट दर्प. शी! डबा उघडला की जेवणालाही तोच वास यायचा.

घरी यावं तर सासूबाई. म्हातारपणाने कातडी वाळलेली, अंगभर खाज. डॉक्टर झाले, मलमं झाली, गुण कशाचाच नाही. ओरबाडून ओरबाडून पाठीवर खपल्या धरलेल्या, चादरीवर कोंडा. सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच म्हणायच्या, "अगं, जरा पाठीवरून हात फिरव ना."

ही दोन पावलं मागे सरायची. "आई, दिवसभर तेच करून आलेय हो!" म्हणत ती लाकडी कंगवा त्यांच्याकडे सरकवायची.

जेवताना मात्र नवऱ्यापुढे तोंडाचा पट्टा सुरू. "एकेकाचा हात धरून बसायचं. बायकोने कधी विचारलं नसेल एवढं मी विचारते, कसं वाटतंय, कसं वाटतंय. किळस येते हो!" नवरा हसायचा. सासूबाई खाली मान घालून जेवत असायच्या.

एके सकाळी तिने "पुढचे या," म्हणून हाक मारली, तर समोर सासूबाई! केस चापूनचोपून बसवलेले, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.

"आई! तुम्ही इथे?"

"मला पण लाव की तुझी ती कुयली."

"अहो, आधीच अंगभर खाज, त्यात कुयली? वेड लागलंय का तुम्हाला?"

"असू दे गं. मी नाही खाजवणार, बघ तू. इथे तू हात धरून बसतेस ना? विचारतेस ना?"

पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "ताई, आजींना परत पाठवा. इथे निरोगी माणसंच घेतो आपण." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आजवर सगळ्या जगाची शिसारी आली होती, आज स्वतःची आली.

"बसा आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी बाही वर सारून हात पुढे केला. ओरखडे, खपल्या, सुकलेलं रक्त. परक्यांचे हात ती रोज नुसत्या हाताने धरायची. आता मात्र तिचा हात आपसूक रबरी हातमोज्यांच्या खोक्याकडे गेला आणि तिथेच थबकला.

सासूबाईंनी ते पाहिलं.

"घाल गं," त्या म्हणाल्या. "मला चालेल."