आमच्यात विटाळ नव्हता

चार बायका पापड लाटायला बसल्या की पिठाआधी किस्सेच मळले जातात. तिसगावातला आमचा गट वीस वर्षं चाललाय, आणि निम्मे किस्से माझ्याच फुशारकीचे. हल्ली तेच सांगताना मान खाली जाते.

*

पहिल्याच दिवशी मी नियम केला. आम्ही बौद्ध, आमच्यात विटाळ नाही. पाळी आली म्हणून कुणी बाजूला बसायचं नाही, लाटणं सोडायचं नाही. शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, "आन् पापड लाल पडले तर?"

"तुमी खाऊ नका!"

*

माझ्या बहिणीची लेक रेखा सोळाव्या वर्षी गटात आली. दर महिन्याला दोन दिवस पोट धरून पिठाच्या डब्याला टेकायची. मी ओव्याचं पाणी दिलं आणि ऐकवलं, की बाळंतपणाच्या आदल्या दिवशी मी खुरपत होते. लग्न झालं की थांबेल, असं आम्ही एकमतानं ठरवलं.

*

लग्न झालं, थांबलं नाही. मग मूल झालं की थांबेल, असं ठरलं. मूलही होईना. एकदा ओकून पडली, तेव्हा नवऱ्यानं नगरला नेलं. सोनोग्राफी नॉर्मल! शाळेची पायरी न चढता मी वाचायला शिकले होते; रिपोर्टातला तेवढा एक इंग्रजी शब्द भर गटात वाचून दाखवला. "बघा, काय बी न्हाई."

*

रेखा गटात आल्यावर दहा वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी पोटात दुर्बीण घालून बघितलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढतं आणि दर पाळीला सुजतं. कशानं होतं ते पक्कं कुणालाच ठाऊक नाही. कधी कधी घराण्यात असतं. त्यांनी वाढलेलं काढलं, हार्मोनच्या गोळ्या दिल्या. दुखणं आवरेल, पण परत उलटूही शकतं, म्हणाल्या.

मी सोबत होते. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला असं दुखायचं?"

मी ताडकन म्हणाले, "न्हाई."

रेखा हळूच म्हणाली, "आईला दुखायचं. मावशी तिला नाटकी म्हनायची."

*

एक किस्सा मात्र मी सगळ्यात जास्त वेळा, हसत हसत सांगितलाय. रेखाला गटात येऊन वर्ष झालं असेल. पिठाचे हात तसेच घेऊन ती सगळ्यांसमोर माझ्याजवळ आली.

"मावशी, माझ्यापुरता विटाळ पाळती का? दोनच दिस. कोपऱ्यात पडून राहीन, कशाला शिवनार न्हाई."

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी. म्हटलं, "विहारात काय तोंड दाखवशील गं?"

रेखानं लाटणं उचललं आणि दिवस मावळेपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीनं लाटलं.