मावशी, सावली

उजवा तळहात वर, ट्रॅफिक हवालदारासारखा, आणि डोळे पडद्यावर. "मावशी, सावली." सरांची आणि माझी दिवसाची पहिली गाठ अशीच पडायची. नमस्कार नाही, चहा झाला का नाही. तुमच्याही कामावर असा एखादा असेलच.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होते, पन्नाशीची तरणीताठी. सर बोर्ली पंचतन गावचे, सडसडीत. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारे. आधी मला वाटलं, माणूस माझ्या नव्या साडीवर जळतो. मग वाटलं, तो टेबलावरचा तांबडा किरण डोळे जाळतो. म्हणून ही शहाणी तोंडावर पदर घेऊन फरशी पुसायची. एक दिवस अख्खी बादली सरांच्या पायांवर ओतली, तेव्हा त्यांनी मला बसवून समजावलं.

काचेच्या भांड्यात, अंगातल्या पाण्याइतक्या खारट पाण्यात, एक बारीक स्क्रू होता. मोडलेल्या हाडात बसवायचा. हाड सांधलं की आपोआप विरघळणारा. लवकर विरघळला तर हाड पुन्हा सुटणार. त्याच्यावर किरण सोडला की पडद्यावर तांदळाच्या कण्यांसारखे ठिपके दिसत. धातू झिजायला लागला की कण्या थरथरत. झिजताना धातूतून वाहणारा विजेचा प्रवाह मोजणारी सुईही शेजारी होती.

"समुद्राकाठी राहता ना, मावशी? कडीवर गंज दिसतो, तेव्हाच लागलेला असतो का तो? तसंच हे. सुईला उशिरा कळतं, उजेडाला आधी."

मात्र किरणाच्या आड कोणी आलं तरी कण्या हलत. म्हणून तो तळहात.

पैसे देणाऱ्या कंपनीचे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभी होते. सगळं नीट निघालं तर स्क्रू माणसांच्या हाडांत जाणार होता आणि सरांचं काम पुढे चालणार होतं. त्या दिवशी स्क्रू झिजायला नको होता. सुई शांत होती. साहेब हसायच्या बेतात होते, तेवढ्यात कण्या थरथरल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "या बाई हलल्या असतील."

"मी न्हाय हलले, सर," मी म्हणाले. सरांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. रोज सावली पाडणारी मीच. कोणाला खोटं वाटलं नसतं. संध्याकाळी मी घरी बसले असते आणि त्यांची खोली शाबूत राहिली असती. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"सगळेच बाहेर चला."

साहेब, सर, मी, माझा ट्रे, सगळे व्हरांड्यात. सरांनी दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून पडदा दिसत होता. आत माणूस नव्हतं. कण्या थरथरत होत्या.

"आता कोणाची सावली?" सरांनी हळू विचारलं.

चहावर साय धरायच्या आत सुईही हलली. साहेब चहा न घेताच गाडीत बसले.

पैसे थांबले. सहामाहीनंतर सर गेले. कोणी म्हणे गल्फला, कोणी म्हणे मुंबईला. मला तेवढं म्हणाले होते, "मावशी, खोली पुसून घ्या."

उजेड येऊ नये म्हणून खिडकीला लावलेला काळा कागद मी ओढून काढला. ऊन आलं आणि माझी सावली रिकाम्या टेबलावर आडवी पडली. मी चटकन बाजूला झाले. "चुकलं, सर," म्हणालेसुद्धा.

मग बराच वेळ भिंतीला लागून उभी राहिले, टेबलावर ऊन पडू देत.