बोटीचं वाढलेलं आयुष्य

आमचे हे ज्या पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे, ती आमच्या लग्नाच्या आधीपासून समुद्रात होती. ती मोडीत निघाली की आपणही पेन्शन घेऊन पवनीला घरी यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या भरवशावर मी वर्षं काढली. शाळेत शिकवायचं, घरचं धान बघायचं, आणि बोट पाण्याखाली गेली की फोनची वाट बघायची नाही, एवढं मी शिकून घेतलं होतं.

मग एका दुपारी त्यांच्या फोनवर कळलं, बोट मोडीत जाणार नाही. नवीन बॅटऱ्या, नवीन यंत्रं बसवून तिला आणखी काही वर्षं चालवायचं ठरलं होतं. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

बोट गोदीत चढवली, आणि ध्यानीमनी नसलेलं सुख सुरू झालं. समुद्रात जायचंच नव्हतं, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचा फोन येऊ लागला. कामाचं फार सांगायची मुभा नव्हती. इंजिन बाहेर काढायला तिचं पोलादी अंग कापलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, एवढं मात्र सांगितलं. मी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, कुठवर आला, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, ते सांगायची. इतकं आम्ही लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. काम लांबलं की ते वैतागायचे. मी समजूत घालायची आणि मनात म्हणायची, अजून लांबू दे. हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही.

काम संपत आलं तेव्हा ते सुट्टीवर आले. त्यांच्या नोकरीची मुदतही संपत होती. ती वाढवून घ्यायची की घरी यायचं, हे ठरवायचं होतं. आम्ही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलो होतो. मी विचारलं, "आता तुम्हीच काहून पाहिजे? नवीन पोरं हायेत ना."

"यंत्रं नवीन हायेत, अंग तं जुनंच हाये," ते म्हणाले. "खोल गेल्यावर ते कुठं कुरकुरते, त्या पोरायले माहीत नाही." मग धुऱ्यावरचं गवत उपटत म्हणाले, "तू नाही म्हटलं तं नाही जात."

'नाही' अगदी ओठांवर होतं. पण घरी बसून ते रोज त्या बोटीचाच विचार करत राहतील, हे मला दिसत होतं. "जा," मी म्हटलं.

चाचणीसाठी बोट निघाली आणि फोन बंद झाला. वाट न बघण्याची माझी जुनी सवय आता मोडली होती. संध्याकाळ झाली की कामातून लक्ष उडायचं. भाजी चिरता चिरता हात थांबायचा.

अकराव्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन वाजला. "वर आलो," ते म्हणाले. आवाज बसला होता. सगळं नीट चाललं, बोट पहिल्यासारखी खोल गेली, दोन दिवसांनी पुन्हा निघायचं आहे, असं भराभर सांगितलं. मी जेवलात का म्हणून विचारलं, तोवर त्यांना कुणीतरी हाक मारली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, बोट चांगली झाली.

"मंग आता येते का थो घरी?" त्यांनी विचारलं.

"येतील," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.