साक्षीदार काच

माझी मावशी तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर गाठींच्या चकत्या कापायच्या कामाला होती. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा यंत्रात धरायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. मला हे काम तिनेच शिकवलं, तेही शिव्या घालत. "आधी साक्षीदार बघ, गाढवे!" हे तिचं पालुपद. साक्षीदार म्हणजे हमखास रंग धरणाऱ्या तुकड्याची काच. ती दरवेळी सोबत रंगवायची. तीच रंगली नाही तर रंग बिघडलाय, बाकीच्या काचांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग तिच्याच डाव्या कानाच्या आतल्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण मेंदूला टेकत होती. डॉक्टरांनी ती काढली, चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला पापुद्रा मात्र राहू दिला. ओढला असता तर तोंड वाकडं झालं असतं. "वाढला तर बघू, दरवर्षी स्कॅन करा," म्हणाले. कान गेला तो गेलाच, वर त्या मेल्या कानात किटलीसारखी शिट्टी सुरू झाली. बोलता बोलता बाई उठायची आणि गॅस बघून यायची. किटली कपाटात असायची.

गाठीचा तुकडा आमच्याच टेबलावर आला. तिने मला हात लावू दिला नाही. वाढणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं. ते असेल तिथे तपकिरी ठिपके उमटतात, बाकी निळं राहतं. तिची काच निघाली नुसती निळी. एक ठिपका नाही! तिने सगळ्यांना चहा पाजला. "झोपलंय ते," म्हणाली, आणि दोन वर्षं स्कॅनला फिरकली नाही. आम्हीही खुळे, खूश झालो.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली आणि मी तिचा खण आवरायला घेतला. तळाशी पाकिटात दोन काचा होत्या, तिची आणि त्या दिवशीच्या साक्षीदाराची. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. साक्षीदारही निळाच. म्हणजे त्या दिवशी रंगच बिघडलेला होता.

तडक तिच्या घरी गेले. ती गॅसपाशीच उभी होती.

"मावशी, साक्षीदार कोरा होता."

"ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी बघितला. आदल्या दिवशी आनंदाच्या भरात राहूनच गेला. माझ्याकडून!"

"मग पुन्हा का नाही रंगवलीस? जीव नकोसा झालाय का?" मी ओरडलेच.

"एकदा तरी कोरी दिसली ना गं," ती म्हणाली. "पुन्हा बघायची छाती झाली नाही. ही शिट्टी वाजते तेव्हा वाटतं, ते आत जागं आहे, माझं बोलणं ऐकतंय. फार भीती वाटते मला."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच प्रयोगशाळेत गेले. तिच्या गाठीचा ठोकळा कपाटात होता. मी चकती कापली, नवा रंग घातला. ती स्टुलावर बसून राहिली, एकदाही ओरडली नाही. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

आधी साक्षीदार बघितला. छान रंगला होता. मग तिची काच सरकवली.

"किती?"

"मोजावे लागतील, मावशी."

"मोज. मोठ्याने. इकडे, उजव्या बाजूला येऊन बस."

मी तपकिरी ठिपके मोजत गेले. चाळीसच्या पुढे तिने माझं मनगट धरलं.

"पुरे. स्कॅनची वेळ घे," म्हणाली, आणि उठून, तिथे नसलेला गॅस बघायला निघाली.