डबल ताईची फांदी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे डबल ताई म्हणायचे. हातमोज्यांचे दोन जोड, तोंडावर दोन मास्क. उकाड्याने जीव नकोसा झाला की आम्ही एक काढून ठेवायचो, ही मात्र तशीच. मी चिडवायचे, ताई, निदान जेवताना तरी एक काढत जा. ती हसायची आणि टेबल पुन्हा एकदा पुसून घ्यायची.

आमचं काम लाळेचं. माणसं नळीत थुंकतात आणि आम्ही त्यातून त्यांच्या आईकडचं मूळ शोधतो. आईकडून लेकरात येणारा डीएनएचा एक तुकडा असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. कधीतरी त्यात बारीकसा बदल होतो आणि तिथून नवी फांदी फुटते. एका फांदीवरची माणसं म्हणजे एक गट. मागे मागे जात राहिलं की सगळ्या फांद्या दीड-दोन लाख वर्षांपूर्वीच्या एकाच बाईपाशी येऊन मिळतात. नव्या मंडळींना हे सांगताना आमच्या साहेबांना अगदी भरून येतं. डबल ताई तेव्हा खिडकीबाहेर बघत बसायची. ती अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेली. तिला लाख वर्षांचं काय कौतुक? तिला एकच पिढी मागे जायचं होतं.

आमच्याकडे कामावर रुजू होताना आधी आपली लाळ द्यावी लागते. पुढे चुकून आपला डीएनए कुणाच्या नमुन्यात मिसळला, तर कॉम्प्युटर लगेच चोर पकडतो. एका सकाळी त्याने चक्क डबल ताईला पकडलं. सत्तर वर्षांच्या कुण्या बाईचा नमुना होता, आणि त्यातला आईकडचा तुकडा ताईच्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होता.

साहेब म्हणाले, बाईंच्या लाळेत डीएनए मुळातच जेमतेम होता, त्यात तुमचा पडला असणार. ताईचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"माझ्या हातून असलं होत नाही, साहेब. ती माझी कुणीतरी असेल."

साहेबांनी पुन्हा तपासायचं कबूल केलं, कारण तिच्याइतकं काटेकोर आमच्यात होतं कोण? प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आम्ही आल्या आल्या सील करून फ्रीझरमध्ये ठेवतो. तो मी तपासायचा आणि ताईने त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही, असं ठरलं.

निकाल येईपर्यंत ताईने मला भंडावून सोडलं. सत्तरीत दात असतात का गं? तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढवतो का? तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बाजारात जाऊन ती दुसरी उशीही घेऊन आली. मला सगळं दिसत होतं, आणि ताई, एवढी आस लावून बसू नका, हे काही माझ्या तोंडून निघेना.

सीलबंद नमुना जुळला नाही. त्या बाईंची फांदी वेगळीच निघाली. साहेबांनी आपल्या परीने समजूत घातली, की फांदी वेगळी असली तरी खोड एकच आहे, आपण सगळे शेवटी एकाच आईची लेकरं.

"लाख वर्षांपूर्वीची आई सापडते, साहेब," ताई म्हणाली. "पन्नास वर्षांपूर्वीची तेवढी सापडत नाही."

नंतर हात धुवायच्या बेसिनपाशी ती कितीतरी वेळ पाणी सोडून उभी होती. मी नळ बंद केला, तेव्हा माझ्याकडे न बघताच बोलली.

"चूक माझीच होती. मला ठाऊक होतं गं, तरी वाटत राहिलं. नळीवर वय होतं, सत्तर. माझी आई असली तर एवढीच असेल. नळी उघडी होती, जवळपास कुणी नव्हतं. दोन्ही मास्क खाली केले आणि एकदा ‘आई’ म्हणून बघितलं."

तेवढ्यात उडाली असेल तेवढीच लाळ. कॉम्प्युटरने ओ दिली होती ती त्या हाकेला. माझी आई घरी आहे, आणि मी तिला हाक मारते ती टॉवेल कुठे ठेवलास म्हणून.