हॉर्न वाजवून गेलेली बस

मुलांनो, घोटा मोडण्याआधी मी हिंगणीहून बोर धरणापर्यंत धावत जायचे, तेव्हा सकाळची एसटी नुसता हॉर्न वाजवून पुढे जायची. प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा धावू लागले, तर तीच बस रोज माझ्याजवळ थांबायला लागली.

"बाई, पायाले काऊन तरास देऊन राह्यल्या? बसा," ड्रायव्हर कळवळून म्हणायचा.

एकदा तर मी दमून चढलेही. आपलं धावणं आता संपलं, असं वाटून खिडकीशी डोळे भरून आले.

काल मागून बस आली आणि हळू झाली. मी पाय थांबवले नाहीत. जरा वेळ ती माझ्या बाजूने चालली, मग हॉर्न वाजला.

"पळा बाई, आम्ही चाललो!"